प्रश्न ओतशाळेचे : रुळावरच्या चाकाचा साचा

रुळावर धावणाऱ्या चाकांच्या ओतकामाबद्दल या वेळी प्रश्न मागवले होते. पत्रं आली त्यांत रेल्वेची चाकं कमी निघाली. बार्ज यार्डातल्या क्रेडलची (बार्ज पाण्यातून वर ओढायच्या गाड्याची), खाणीवरच्या ट्रॉल्यांची चाकंच जास्त. गोव्यातून दुसरं काय येणार! चाक लहान असो की वाघिणीचं, साच्याच्या अडचणी एकाच घरच्या असतात. उत्तरांत बैलगाडीचे दोन शब्द वापरले आहेत: रुळाला टेकते ती धाव, आसाभोवती असतो तो तुंबा. दोघांना जोडणारा मधला भाग म्हणजे तबकडी.

प्रश्न : आम्ही स्लिपवेच्या क्रेडलसाठी ४०० मिमी व्यासाची बिडाची चाकं ओततो. धाव कठीण व्हावी म्हणून तिच्याभोवती बिडाचीच चिल रिंग (धातू झटकन गोठवणारं कडं) बसवतो, बाकी साचा ग्रीन सँडचा (ओल्या, मातीमिश्रित वाळूचा). उन्हाळ्यात काम चोख निघतं. मृग लागला की धावेवर मोहरीएवढी छिद्रं दिसू लागतात आणि चतुर्थीपर्यंत पाठ सोडत नाहीत. धातू तोच, वाळू तीच. मग बिघडतं काय? (कुंडई)

छिद्रं फक्त धावेवर आणि फक्त पावसात, म्हणजे दोष धातूत नाही. चिल रिंगला घाम सुटतो आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे शेडमधली हवा ओलाव्याने भरलेली असते. रात्रभर फरशीवर पडलेली लोखंडी रिंग सकाळी हवेपेक्षा थोडी थंड असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. हे एक कारण, आणि तेही धाकटं. थोरलं कारण साच्याच्या आत आहे. आदल्या ओतकामातून परत आलेली वाळू पुरती निवलेली नसेल, ४५ अंशांच्या वर असेल, तर साचा बंद केल्यावर तिच्यातून वाफ निघते आणि आतली सगळ्यात थंड जागा गाठते. ती जागा म्हणजे चिलची आतली बाजू. सकाळी दहाला बंद केलेला साचा दुपारी तीनला ओतलात, तर पाच तास रिंगवर दव पडत होतं असं समजा.

तिसरं कारण गंज. रिंगवर तांबूस पातळ थर असला तरी बीड त्याला शिवताक्षणी त्यातला ऑक्सिजन बिडातल्या कार्बनशी जुळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गंजात पाणीही धरलेलं असतं, त्याचा हायड्रोजन होतो. वाळूच्या साच्यात वायू वाळूतून निघून जातो. रिंग ठोस, तिथे त्याला वाट नाही. धातूची पहिली साय धरते तिच्याखालीच तो अडकतो. म्हणून छिद्रं कधी वर दिसतात, तर कधी धाव एक-दीड मिलिमीटर खरवडल्यावर.

उपाय करताना क्रम सोडू नका. रिंगची आतली बाजू वायर ब्रशने नव्हे, बारीक एमरीने चकाकेपर्यंत घासा. वायर ब्रश गंज काढण्यापेक्षा चोळतो जास्त. मग स्पिरिटमध्ये कालवलेल्या ग्राफाइटचा एकच पातळ हात द्या, पेटवून स्पिरिट जाळून टाका. दोन-तीन हात देऊ नका. जाड थर सुटतो आणि धावेत रुततो. त्यानंतर रिंग १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. ४०० मिमी बोअरची, ६० मिमी जाडीची रिंग चाकाइतकीच, म्हणजे साठेक किलोची असते. तिला गॅसच्या बर्नरवर वीस मिनिटं तरी लागतात, आणि इथेच बरेच जण फसतात. थंड लोखंडावर गॅसची ज्वाळा लावली की पहिली काही मिनिटं रिंग आणखी ओली होते, कारण गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड लोखंडावर बसते. रिंगवर धुरकट ओल दिसते, मग ती हळूहळू कडेकडे सरकत नाहीशी होते. ती गेली म्हणजे रिंग सुकली असं नव्हे, सुकायला सुरुवात झाली. तिथून पुढे दहा मिनिटं द्या. तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजत असाल तर चकचकीत लोखंडावर तो खोटं, कमी आकडा दाखवतो. ग्राफाइट लावलेल्या जागेवर धरा. थर्मामीटर नसेल तर रिंगच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. तो चुर्र करून दोन-तीन सेकंदांत उडाला पाहिजे.

गरम रिंग बसवल्यावर साचा बंद करा आणि अर्ध्या तासाच्या आत ओता. पावसाळ्यात दिवसभराचे साचे सकाळी बंद करून ठेवायची पद्धत या एका कामापुरती मोडा. वाळूची ओल ३ ते ३.५ टक्क्यांवर रोखा आणि परतीची वाळू ४० अंशांखाली आल्याशिवाय मिक्सरमध्ये घेऊ नका. रिंग आणि वरच्या पेटीतली वाळू जिथे भेटतात तिथे ०.३ मिमीची फट गोल ठेवा. एवढ्या फटीत बीड शिरत नाही, हवा मात्र निघते.

ओतून झाल्यावर रिंगला तेल लावून ठेवणं चांगलं, पण ते तेल पुढच्या वेळी जाळून काढायची आठवण ठेवा. छिद्रं करण्यात तेलही पाण्यापेक्षा मागे नाही.

प्रश्न : याच चाकांत दुसरी अडचण. नमुन्याचं चाक फोडून पाहिलं तर धावेचा पांढरा कठीण थर एका बाजूला १२ मिमी, समोरच्या बाजूला ५ मिमी. रिंग तर सगळीकडे सारख्याच जाडीची आहे. (तेच वाचक)

रिंग सारखी असली तरी तिचा स्पर्श सारखा नसतो.

बीड आत शिरतं, धावेवर पातळ साय धरते आणि ती लगेच आकसू लागते, म्हणजे रिंगपासून आत सरकते. त्याच वेळी रिंग तापून बाहेर फुगते. ४०० मिमीच्या रिंगचं सरासरी तापमान २०० अंशांनी चढलं तर तिचा बोअर सुमारे ०.९ मिमीने वाढतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.४ ते ०.५ मिमी. चाकाची साय २००-२५० अंश उतरेपर्यंत तीही प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे आत गेलेली असते. दोन्ही मिळून साधारण एक मिलिमीटरची हवेची फट पडते. हवा उष्णता फारशी नेत नाही, म्हणजे चिलचं काम तिथेच थांबतं. ही फट सगळीकडे एकदम पडली तर थर निदान सारखा तरी येईल. पण चाक एका अंगाला रिंगला टेकून राहतं. तिथे थर खोल जातो आणि समोरच्या बाजूला उथळ राहतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेची चाकं अशीच बिडाची, चिल दिलेली असत आणि तिथल्या ओतशाळांची डोकेदुखीही हीच होती. त्यांनी काढलेला उपाय आजही उपयोगी आहे: आतल्या बाजूने फाकी पाडलेली रिंग. बाहेरचं कडं अखंड, आतला भाग चिरांनी वेगवेगळ्या तुकड्यांत. तुकडे तापतात तेव्हा त्यांचं फुगणं चिरांत जिरतं. बाहेरचं कडं अजून थंड असतं, ते त्यांना मागे सरू देत नाही, म्हणून तुकड्यांचं तोंड उलट किंचित आत येतं आणि चाकाचा पाठलाग करतं.

तुमच्या मापाच्या रिंगला २८ चिरा पाडल्या तर दर ४५ मिमीला एक येते. चीर १ मिमी रुंद, रिंगच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोल, उभी. त्याहून खोल गेलात तर बाहेरचं कडं तिसऱ्या-चौथ्या ओतकामात तडकतं. चिरा तशाच उघड्या ठेवू नका. बीड आत शिरून पातळ फिन होते आणि चाक रिंगमध्ये अडकून बसतं. बारीक माती आणि ग्राफाइट कालवून चिरा भरा, बोटाने पुसून समतल करा आणि रिंगबरोबरच कडक सुकवा. चिरा कापण्याआधी रिंग स्ट्रेस रिलीव्ह करून (तापवून आतला ताण काढून) घ्या, नाहीतर कापतानाच ती वाकडी होते.

त्याआधी दोन साध्या गोष्टी तपासा, कदाचित चिरांपर्यंत जावंच लागणार नाही. साचा स्पिरिट लेव्हलवर सपाट आहे का? आणि बीड कुठून घालता? एका बाजूच्या इनगेटमधून (धातू साच्यात शिरायच्या वाटेतून) घालत असाल तर सगळा गरम धातू त्या बाजूची रिंग तापवतच आत जातो, मग तिथे चिल, म्हणजे पांढरा थर, कमी बसणारच. चाक नेहमी मधून, तुंब्यावरून भरावं. तुंब्याच्या डोक्यावर गाळणीसारखी कोअर (वाळूचा घट्ट केलेला ठोकळा) ठेवा, तिला १३ मिमीची ६ छिद्रं गोलावर. साठ किलोचं चाक त्यातून दहा-बारा सेकंदांत भरतं. त्याहून हळू भरलंत तर धावेवर सुरकुत्या पडतात आणि मशीनिंगवाला फोन करतो.

बिडाच्या घटकांबद्दल थोडं. सिलिकॉन वाढलं की चिल कमी होतो. आमोण्याला तयार होतं त्यासारखं फाउंड्री ग्रेडचं पिग आयर्न (कच्चं लोखंड) ग्रे आयर्नसाठी (मऊ, करड्या बिडासाठी) असतं, त्यात सिलिकॉन भरपूर. नुसत्या त्याच्यावर चार्ज (भट्टीत घालायचा माल) बांधला तर धाव पांढरी होणारच नाही. पोलादी भंगार मिसळून सिलिकॉन १ टक्क्याच्या आसपास आणा, कार्बन ३.४ ते ३.६ ठेवा, आणि प्रत्येक हीटला (भट्टीच्या घाण्याला) वेज टेस्ट घेऊन, म्हणजे पाचरीसारखा नमुना ओतून आणि फोडून, पांढरा भाग मोजा. रोजच्या सवयीने लॅडलमध्ये (धातू ओतायच्या बादलीत) इनॉक्युलंट (चिल कमी करणारी पूड) टाकलं गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. या कामाची लॅडल वेगळी ठेवलेली बरी. सिलिकॉन अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली नेण्याचा मोह मात्र नको, २०-२२ मिमीची तबकडीसुद्धा पांढरी, ठिसूळ होईल.

प्रश्न : आमच्या ट्रॉलीच्या चाकांना तडे जातात. काही चाकं फेटलिंगमध्ये (ओतल्यानंतरच्या साफसफाईत) फुटतात. एक तर रॅकवर ठेवलेलं, कोणी हात न लावता, रात्री आवाज करून फुटलं. साच्यात काय बदलावं? (कुंकळ्ळी)

आधी तडा कुठे आणि कसा गेला ते सांगायला हवं होतं. पत्रात ते नाही, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

तबकडीत तुंब्याभोवती गोल जाणारा तडा असेल तर तुंबा सगळ्यांत शेवटी निवला. धाव आधीच थंड आणि कडक झालेली, तुंबा मागून आकसतो आणि तबकडीला आत ओढतो. तबकडीला सुटायला जागा नाही, मग ती फाटते. चिल दिलेल्या चाकांत हाच प्रकार जास्त. उलट तडा धावेत आडवा, म्हणजे व्यासाच्या दिशेने असेल, तर धाव शेवटी निवली. पातळ तबकडी आधीच थंड होऊन आतून टेकू देत उभी आणि जाड धाव तिच्यावर आवळत गेली. चिल नसलेल्या, जाड धावेच्या चाकांत हे दिसतं. एकाच नावाचा दोष, पण उपाय उलटे. पहिल्यात तुंबा लवकर निववायचा, दुसऱ्यात धाव. निदान न करता चिल लावलात तर रोग वाढेल.

मग तड्याच्या आतला रंग बघा. काळसर किंवा निळसर असेल तर तो साच्यातच, धातू लाल असताना पडला. स्वच्छ, चंदेरी असेल तर थंड झाल्यावर.

काळसर तड्याचा संशय आधी तुंब्याचं भोक राखणाऱ्या कोअरवर घ्या. सोडियम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडवर केलेली कोअर गरम झाली की दगड होते, चाक आकसताना दबत नाही. सिलिकेट ५-६ टक्के घालत असाल तर ३.५ ते ४ वर आणा, वाळूत एक-दीड टक्का लाकडाचा बारीक भुसा किंवा डेक्स्ट्रिन मिसळा आणि तुंब्याची कोअर मधून पोकळ करा. या कोअरला पावसाळ्यात आणखी एक खोड आहे: दोन-तीन दिवस शेडमध्ये पडली की ओल ओढून भुसभुशीत होते. लागतील तेवढ्याच, त्याच दिवशी करा. पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसली तर वायू गरजेपेक्षा जास्त सोडला गेला आहे.

चंदेरी तड्याचं मूळ साच्यात कमी आणि साचा फोडण्याच्या घाईत जास्त असतं. रॅकवरच्या चाकाचं तेच झालं असणार, आत कोंडलेला ताण. त्याला दोन इलाज. पहिला पॅटर्नमध्ये (ज्यावरून साचा काढतात त्या नमुन्यात): सपाट तबकडीऐवजी बशीसारखी बाक दिलेली करा. ओढ बसली की बाक थोडा सरळ होतो, ताण तिथेच जिरतो. रेल्वेच्या चाकाची तबकडीही वळणदार असते ती उगाच नाही. आऱ्यांचं चाक असेल तर आरे वाकडे आणि संख्येने विषम, ५ किंवा ७. समोरासमोर दोन आरे आले की ते एकमेकांना ताणतात. तुंबा आणि तबकडी जुळतात तिथे १२ ते १५ मिमीची गोलाई द्या. दुसरा इलाज निववण्यात: चिल दिलेलं चाक धाव मंद लाल असतानाच काढून, कोरड्या राखेने भरलेल्या खड्ड्यात एकावर एक रचून झाका आणि २४ ते ३६ तास हात लावू नका. एकटंदुकटं चाक ठेवू नका, सहा-आठ असली तर त्यांचीच ऊब पुरते. पावसाळ्यात खड्ड्यात पाझर येतो. तळाला पत्रा आणि विटांचा थर हवा. ओल्या राखेत लाल चाक म्हणजे पाण्यात बुडवल्यासारखंच. खड्डा जमत नसेल तर भट्टीत ५२० ते ५५० अंशांवर जाडीच्या दर २५ मिमीला एक तास, आणि भट्टीतच २०० अंशांपर्यंत उतार.

ताण उरला आहे का हे बघायची जुनी अमेरिकी चाचणी कडक होती. चाक वाळूत आडवं ठेवून धावेभोवती दीड इंच रुंद, चार इंच खोल चर करत, त्यात वितळलेलं बीड ओतत आणि दोन मिनिटांनी चाक बघत. तुकडे झाले किंवा तबकडीतला तडा धावेपर्यंत गेला की नापास.

प्रश्न : मालगाडीची चाकं वाळूत न ओतता ग्राफाइटच्या साच्यात ओततात असं ऐकलं. ग्राफाइट म्हणजे कार्बन. वितळलेलं पोलाद त्यात ओतलं तर ते कार्बन शोषून घेणार नाही का? (वास्को)

ऐकलं ते खरं आहे. बंगळुरूजवळ येलहंका इथे रेल्वेचा कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला, तेव्हाचं नाव व्हील अँड अ‍ॅक्सल प्लांट, आता रेल व्हील फॅक्टरी. बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या बेला इथेही असाच कारखाना आहे. दोन्हीकडे चाकं ओतीव पोलादाची, ग्राफाइटच्या साच्यात. दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यातली चाकं मात्र घडीव.

कार्बन शोषण्याची शंका रास्त आहे, पण शोषायला वेळच मिळत नाही. ग्राफाइट वाळूपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढतं. पोलाद त्याला लागताच साय धरते, आणि घन पोलादात बाहेरून कार्बन शिरायला सेकंद नव्हे, तास लागतात. शिवाय साचा आधी गरम करून त्यावर सिलिकाचा पातळ फवारा मारलेला असतो, त्यामुळे पोलाद आणि ग्राफाइट यांची थेट गाठ पडतच नाही. आणि चाकाच्या पोलादात मुळातच ०.६ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो.

या पद्धतीची खरी करामत ओतण्यात आहे. लॅडल बंद टाकीत ठेवतात, झाकणातून एक रिफ्रॅक्टरीची (आग सोसणारी) नळी पोलादात खोल सोडतात आणि टाकीत हवेचा दाब देतात. पोलाद नळीतून वर चढून साच्यात खालून शिरतं. पोलादाचा स्तंभ एक मीटर उचलायला दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.७ किलो दाब लागतो, म्हणजे वर्कशॉपच्या साध्या कॉम्प्रेस्ड हवेतही हे काम होतं. दाब कमीजास्त करून भरण्याचा वेग हातात राहतो. मळी वर तरंगत राहते आणि नळी स्वच्छ पोलाद खालून उचलते. वरून ओतताना धार आपटते, हवा ओढते, वाळू खरवडते. इथे त्यातलं काही नाही. साचा भरला की तळाचं तोंड ग्राफाइटच्या बोळ्याने बंद करतात, दाब सोडतात आणि पुढचा साचा नळीवर येतो.

एक बारकावा ओतशाळेत काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावा. सगळाच साचा ग्राफाइटचा असता तर रायझर (चाक आकसताना त्याला धातू पुरवणारे वरचे साठे) चाकाच्या आधी गोठले असते. म्हणून रायझरच्या भोकांना आतून वाळूचं अस्तर असतं. जिथे लवकर गोठायला हवं तिथे ग्राफाइट, जिथे उशिरा तिथे वाळू. ग्राफाइट झिजलं की लेथवर पुन्हा कातून तोच आकार थोडा खोल उतरवतात, ठोकळ्याची जाडी संपेपर्यंत. त्याचा शत्रू हवा: ४५०-५०० अंशांच्या वर ते उघड्यावर जळू लागतं, म्हणून लाल साचा उघडा सोडत नाहीत.

प्रश्न : किनाऱ्यावरची वाळू बारीक, गोल आणि स्वच्छ दिसते. मोल्डिंगला का चालत नाही? (पेडणे)

तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे. तो चुना, बिडाच्या उष्णतेने फुटतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. मिठामुळे बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) फुगत नाही आणि वाळू लवकर वितळून चाकाला चिकटते. पाण्याने मीठ निघेल, शिंपले निघणार नाहीत. चमचाभर वाळूवर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाका, फेस आला की समजा. किनाऱ्यावरून वाळू उचलणं बेकायदा आहे ते वेगळंच. आपल्याला जवळची चांगली सिलिका वाळू कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची. घेताना सिलिका ९७ टक्क्यांच्या वर, मातीचा अंश १ टक्क्याच्या आत आणि दाण्याचा एएफएस क्रमांक (बारीकपणाचं माप) ५० ते ६० एवढं मागा. साठवताना जांभ्याच्या भिंतीला टेकून ढीग लावू नका, लाल धूळ मिसळते.

प्रश्न : पोलादी ट्रॉली चाकाच्या तुंब्यात बोअरिंग करताना पोकळी निघते. तुंबा १६० मिमी व्यासाचा, १४० मिमी उंच, ७० मिमीची कोअर. वर ९० मिमीचा रायझर आहे. धावेतही कधीकधी पोकळी सापडते. (डिचोली)

९० मिमीचा रायझर इथे तुंब्याच्या आधी गोठतो. हिशोब करून पाहा. तुंब्याचं घनफळ सुमारे २२७५ घन सेंमी. ७० मिमीची कोअर चहूकडून पोलादाने वेढलेली, ती लगेच लाल होते आणि उष्णता नेणं थांबवते. म्हणून तिची बाजू धरायची नाही. तबकडी जुळते ती जागा वगळून उरलेलं क्षेत्रफळ सुमारे ९२० चौ. सेंमी. भागाकार २.५ सेंमी, हे तुंब्याचं मॉड्युलस; ते जितकं जास्त, तितका भाग उशिरा गोठतो. रायझरचं त्याच्या १.२ पट, म्हणजे ३ सेंमी हवं. उंची आणि व्यास सारखे असलेल्या रायझरचं मॉड्युलस व्यासाचा पाचवा हिस्सा असतं, तेव्हा व्यास १५० मिमी आला. तुमच्या ९० चं मॉड्युलस भरतं १.८. एवढा मोठा रायझर कापायला जड वाटत असेल तर इन्सुलेटिंग स्लीव्ह (रायझरची उष्णता धरून ठेवणारं नळकांडं) वापरा, ११५ ते १२० मिमीत काम होईल.

कोअर वर रायझरमध्ये घुसवली असेल तर तीही चूक. तिथे रायझर पोकळ होतो आणि लवकर निवतो. कोअर तुंब्याच्या माथ्याखाली १० मिमीवर थांबवा, वरचा भाग भरीव ओता.

धावेतली पोकळी तुंब्याच्या रायझरने कधीच भरणार नाही. मधली २२ मिमीची तबकडी दोघांच्या आधी गोठते आणि रस्ता बंद होतो. धावेला तिचे स्वतःचे ४ रायझर द्या, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक दोघांच्या मधोमध धावेच्या बाहेरच्या अंगाला एक चिल. पोलाद रायझरकडून चिलकडे सरकत गोठतं, पोकळी रायझरमध्ये राहते. चिलची जाडी धावेइतकी पुरे. कुंडईच्या उत्तरातली सुकवण्याची पद्धत इथेही लागू. पोलाद पाण्याच्या बाबतीत बिडाहून नाजूक आहे.

प्रश्न : आमची ओतशाळा लहान आहे. रेल्वेला वाघिणीची चाकं पुरवता येतील का? (थिवी)

नाही. ती सुरक्षेची वस्तू आहे. उष्णोपचार, अल्ट्रासॉनिक तपासणी आणि मंजुरीची साखळी लहान ओतशाळेच्या आवाक्यातली नाही. स्लिपवे, ट्रॉल्या, क्रेन यांची चाकं हेच आपलं मैदान. त्यात एक धोका ध्यानात ठेवा: खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या क्रेडलच्या चाकांतलं ग्रे आयर्न हळूहळू फक्त ग्राफाइटचा सांगाडा होऊन बसतं. आकार तसाच दिसतो, पण चाकूने कापता येतं. यार्डाला तुंब्यावर दर वर्षी हातोडी मारून आवाज ऐकायला सांगा.

प्रश्न : चिल दिलेल्या चाकाचा पॅटर्न करताना आकसण किती धरावी? पुस्तकात ग्रे आयर्नला १ टक्का आणि पांढऱ्या बिडाला २ टक्के दिलं आहे. आमचं चाक तर दोन्ही आहे. (विद्यार्थी, फर्मागुडी)

प्रश्न नेमका आहे. धाव पांढरी, तबकडी ग्रे; दोघं एकमेकांना धरून असतात, म्हणून खरी आकसण मध्ये कुठेतरी येते आणि पांढरा थर किती खोल गेला त्यावर हलते. पण एक गोष्ट बघा: धावेचा व्यास पॅटर्न ठरवत नाही, चिल रिंगचा बोअर ठरवतो. पॅटर्नमधून फक्त तबकडी, तुंबा आणि कोअर प्रिंट (कोअर बसायच्या खोबणी) येतात. त्यांना १ टक्का द्या, तुंब्याला मशीनिंगसाठी प्रत्येक बाजूला ३ ते ४ मिमी. रिंगचं माप वेगळं काढा. ४०० मिमीची धाव हवी असेल तर बोअर ४०४ पासून सुरू करा, तीन-चार चाकं ओता, थंड झाल्यावर धाव चार ठिकाणी मोजा. लहान आली तर बोअर कातून वाढवता येतो. मोठी आली तर रिंग भंगारात, कारण बोअर कमी करता येत नाही. मापं घेताना रिंगचं तापमानही लिहून ठेवा. १०० अंशांची रिंग ३० अंशांच्या रिंगपेक्षा ०.३ मिमीने मोठी असते आणि ओतताना ती गरमच असणार आहे.

रुळाची धाव १ ला २० अशी उतरती असते, तो उतार रिंगलाही द्यायचा. चाक सुटायला वेगळा ड्राफ्ट लागत नाही. दोन्ही बाजूंना फ्लँज (रुळावरून उतरू न देणारी कड) असलेलं चाक मात्र अखंड रिंगमधून निघणारच नाही. तिथे रिंगचे ६ किंवा ८ तुकडे करून वाळूत बसवा आणि दोन तुकड्यांमध्ये १० मिमी वाळू सोडा. त्या पट्ट्यांवर धाव मऊ राहते, म्हणून जोड तिरके ठेवा, म्हणजे मऊ पट्टी रुळावर एकदम आडवी येत नाही.